अर्धा इंची इतिहास

आपल्याकडे इतिहास म्हटला की आधी घोडा लागतो. घोड्यावर माणूस लागतो, माणसाच्या हातात तलवार लागते आणि तलवारीसमोर दुसऱ्या घोड्यावरचा दुसरा माणूस लागतो. एवढं जमलं की सन घालायचा आणि धडा संपवायचा. हे सगळे वीर रोज सकाळी तोंड कुठे धूत होते, असला प्रश्न परीक्षेत येत नाही. नळाला आमच्या शाळेत जागा होती ती फक्त गणिताच्या तासाला. एक नळ हौद तीन तासांत भरतो, दुसरा नळ तोच हौद पाच तासांत रिकामा करतो, दोन्ही एकदम सोडले तर हौद किती वेळात भरेल? उत्तर साडेसात तास, हे आम्ही बोटं मोडून काढत असू. पण एक नळ हौद भरत असताना दुसरा नळ सोडून ठेवणारा हा महाभाग कोण, याचा उलगडा गुरुजींनी कधी केला नाही. पुढे सोसायटीत राहायला आल्यावर तो आपोआप झाला.

तसे आपल्या पुराणांत नळ दोन आहेत. एक रामाच्या सैन्यातला, ज्यानं सेतू बांधला. म्हणजे तो बांधकाम खात्यातला. दुसरा दमयंतीचा नवरा. याचा आणि पाण्याचा काय संबंध, असं कोणाला वाटेल. पण महाभारतातली कथा नीट वाचावी. स्वयंवरानंतर देवांनी वर दिले, त्यात वरुणाकडून नळाला मिळाला तो पाण्याचा. त्यानं रिकाम्या भांड्याकडे नुसतं पाहिलं की भांडं भरे. पुढे तो सारथी होऊन, रूप पालटून राहिला, तेव्हा दासीनं येऊन हीच गोष्ट सांगितली आणि दमयंतीचा संशय पक्का होत गेला. नुसत्या नजरेनं पाणी देणारा तो पहिला नळ आणि बहुधा शेवटचा. आमच्याकडल्या नळाकडे सकाळी साडेसहापासून पाच-सहा जण टक लावून पाहत असतात. अजून तरी भांडं भरलेलं नाही.

आता एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. नळ वेगळा आणि तोटी वेगळी. नळ पाणी आणतो. तोटी पाणी अडवते. आपण बोलताना दोघांनाही नळच म्हणतो, पण इतिहासाच्या दृष्टीनं हा फरक मोठा आहे. पाणी आणायची अक्कल माणसाला फार पूर्वीच आली. आलेलं पाणी थांबवायची अक्कल मात्र बऱ्याच उशिरा आली, आणि काही घरांत ती अजून वाटेतच आहे.

रोमचंच पाहा. इसवी सन ९७ मध्ये तिथे फ्राँटिनस नावाच्या गृहस्थाची पाणीखात्याचा प्रमुख म्हणून नेमणूक झाली. हा पूर्वी ब्रिटनचा सुभेदार होता, म्हणजे चांगला वजनदार माणूस. त्यानं आल्या आल्या हिशेब तपासले, आणि ताळमेळ काही लागेना. चौकशी केली तेव्हा कळलं, की खात्याचेच लोक मुख्य नळाला गुपचूप भोकं पाडून परस्पर पाणी देताहेत. मंजूर मापाचा, शिक्का मारलेला काशाचा तुकडा भिंतीत बसवायचा आणि त्याच्या मागे मात्र मोठा नळ जोडायचा, हीही युक्ती चालू होती. फ्राँटिनसनं वैतागून यावर एक पुस्तकच लिहिलं आणि ते आजही वाचायला मिळतं. नळाला गुपचूप मोटर लावणाऱ्यांनी ते अवश्य वाचावं. आपल्या घराण्याला किती जुनी परंपरा आहे हे कळून ऊर भरून येईल.

आपल्या पुण्यातही पाणी आणण्याचं काम थाटात झालं. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७४९च्या सुमारास, कात्रजला तलाव बांधून बंदिस्त दगडी नळातून पाणी थेट शनिवारवाड्यापर्यंत आणलं गेलं. पंप नाही, वीज नाही. सगळा कारभार उतारावर. वाटेत ठिकठिकाणी विहिरीसारखे उच्छ्वास ठेवले होते, म्हणजे कोंडलेली हवा बाहेर पडावी आणि माणसाला उतरून गाळ काढता यावा. पाणी पेठांतल्या हौदांत पडे. काळा हौद, बदामी हौद ही नावं पुण्यात अजून पत्ता सांगायला वापरतात. हौद बुजला तरी पत्ता बुजत नाही.

या हौदांवर पाणी आलं आणि वाहत राहिलं. बायकांनी घागर घेऊन जायचं, वाकायचं, भरायची आणि डोक्यावर घेऊन घरी यायचं. इतिहासात खर्च पेशव्यांच्या नावावर आहे. मानेवरच्या ओझ्याची नोंद कुठल्याच वहीत नाही.

आणि त्या हौदावर सगळ्यांना वाकता येत होतं असंही नाही. पाणी उतारानं सगळीकडे जायला तयार होतं, अडवणारी माणसं होती. १८६८ साली जोतीराव फुल्यांनी गंज पेठेतला आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तेव्हा गावात गहजब झाला. पुढे त्यांचे स्नेही डॉक्टर विश्राम रामजी घोले यांनी आपल्या लहानग्या मुलीच्या स्मरणार्थ बाहुलीचा हौद बांधला, तोही सगळ्या जातींसाठी. घरातला हौद बाहेरच्याला उघडणं ही केवढी मोठी गोष्ट होती, हे आपल्याला आज चटकन कळत नाही. कारण आपल्या घरात तोटी आहे, आणि ती हात कोणाचा आहे हे विचारत नाही.

ती आली कुठून? तर दाबातून. हौदात संथपणे पडणारं पाणी निराळं आणि लोखंडी नळातून जोरानं येणारं निराळं. मुंबईला १८६० साली विहार तलावाचं पाणी लोखंडी नळांतून मिळू लागलं. पुण्याजवळ खडकवासल्याचं धरण १८७९ साली पुरं झालं. असल्या दाबापुढे जुन्या पद्धतीची तोटी टिकेना. त्या तोटीत आडवं भोक पाडलेलं एक निमुळतं बूच असे. ते पाव फेरा फिरवलं की पाणी सुरू, पाव फेरा फिरवलं की बंद. पण दाबाचं पाणी असं एकदम अडवलं की ते रागावतं. नळभर धाडकन दणका बसतो, सांधे खिळखिळे होतात. यावर इंग्लंडात रॉदरहॅम गावच्या गेस्ट आणि क्राइम्स या कारखानदारांनी १८४५ साली आट्यांची तोटी काढली. मूठ फिरवत गेलं की आतला दांडा हळूहळू खाली उतरतो आणि त्याच्या टोकाची चकती पाण्याचं तोंड दाबून धरते. भांडण हळूहळू मिटवावं, हे तत्त्व नळाला तेव्हा कळलं.

ही चकती म्हणजेच वायसर. इंग्रजीत काय म्हणतात ते सोडा, आपल्याकडे तो वायसरच. पूर्वी हा चामड्याचा असे, आणि त्यावरून कर्मठ घरांत मोठा पेच पडला. नळाचं पाणी सोवळ्याला चालेना. धरण चाललं, लोखंडी नळ चालला, पाणीपट्टी तर चालवून घ्यावीच लागली. ढब्बू पैशाएवढी चामड्याची चकती काही केल्या चालेना. देवासाठी विहिरीचं पाणी आणि घरच्यांसाठी नळाचं, अशी वाटणी झाली. विहिरीतून देवासाठी पाणी शेंदायचं काम अर्थातच घरातल्या बाईकडे. देवानं स्वतः कधी हरकत घेतल्याचं ऐकिवात नाही. मग रबरी वायसर आले आणि शास्त्रार्थ संपला. मोठमोठ्या सुधारकांना जे साधलं नाही, ते दोन पैशांच्या रबरानं साधलं.

आता या सगळ्या कथेचा खरा नायक. त्याचं नाव जोसेफ व्हिटवर्थ. मँचेस्टरचा हा कारागीर. त्याच्या तरुणपणी प्रत्येक कारखाना स्वतःच्या मर्जीनं आटे पाडत असे. एकाचा बोल्ट दुसऱ्याच्या नटात जात नसे. व्हिटवर्थनं काय करावं? त्यानं ठिकठिकाणच्या कारखान्यांतून बोल्ट गोळा केले, मोजले आणि चक्क सरासरी काढली. आट्यांचा कोन ५५ अंश, आणि अमुक जाडीला इंचामागे अमुक आटे, असा सगळ्यांना मिळून एक नियम १८४१ साली मांडला. कोणाचा बरोबर, कोणाचा चूक, या वादात तो पडलाच नाही. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेला असा एखादा मनुष्य लाभता तर पार्किंगचा प्रश्न केव्हाच मिटला असता.

नळांचे आटेही पुढे याच घराण्यातले झाले. आज आपल्या ओट्यावरच्या नळाला इंचामागे चौदा आटे असतात आणि कोन ५५ अंशांचाच असतो. इंग्रज गेले, राणी गेली, व्हिटवर्थ राहिला. आपण १९५६ साली वजनमापांचा कायदा केला. शेर गेला, पायली गेली, मैल गेला, तोळासुद्धा आता फक्त सराफाच्या बोलण्यात उरला. प्लंबरचा अर्धा इंच मात्र कोणाच्या बापाला हलला नाही. नव्या तोटीच्या खोक्यावर १५ मिलिमीटर छापलेलं असतं. पण दुकानात जाऊन पंधरा मिलिमीटरची तोटी मागून पाहा. दुकानदार तुमच्याकडे परगावचा मनुष्य म्हणून पाहील.

गंमत म्हणजे हा अर्धा इंच मोजायला गेलं तर अर्धा इंच कुठेच सापडत नाही. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. तोटीच्या आट्यांवर पट्टी लावा, बाहेरून जवळजवळ २१ भरतात. मग अर्धा कशाचा? तर पूर्वीच्या लोखंडी नळाच्या पोकळीचा. नाव पडलं पोकळीवरून आणि वाढला देह बाहेरून. पुढे नळाच्या भिंती बदलल्या, लोखंडाचं प्लॅस्टिक झालं, पोकळीही कमीजास्त झाली. नाव आणि आटे तेवढे कायम राहिले.

ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत त्यांना इथे एक धोक्याची सूचना. चिरंजीव न्यू जर्सीहून येताना आईसाठी झकास नळ घेऊन येतात. तिथल्या नळजोडालाही अर्धा इंचच म्हणतात आणि इंचामागे आटेही चौदाच असतात. पण कोन साठ अंशांचा. त्यामुळे तो आपल्या जोडावर दोन-तीन फेरे मोठ्या प्रेमानं चढतो, मग अडतो आणि त्यानंतर जन्मभर झिरपत राहतो. बत्तीस गुण जुळलेल्या काही पत्रिकांचंही असंच होतं.

इथवरचं सगळं पुस्तकी. प्रात्यक्षिक घडलं ते लवळ्यात. मुळशी तालुक्यातलं हे गाव पूर्वी भातखाचरांचं. आता सिंबायोसिस आणि फ्लेम अशी दोन विद्यापीठं गावच्या हद्दीत आहेत. ज्ञानाची एवढी सोय असूनही रविवारी सकाळी फोन उचलणारा प्लंबर मिळत नाही. आमच्या ओट्यावरची तोटी गळत होती. सेकंदाला एक थेंब. "एका थेंबानं काय होतंय," असं मी म्हणालो तेव्हा आमच्या नातीनं वहीत हिशेब मांडला. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तरी दिवसाचे चार लिटर आणि वर झाले. महिन्याचे सव्वाशेच्या पुढे. सौभाग्यवती म्हणाली, "अहो, त्या व्हिटवर्थचं एवढं कौतुक सांगता, तर त्याच्याच आट्यांवर हात फिरवून बघा की."

आणि खरोखर, नळ बदलणं ही काही फार विद्वत्तेची गोष्ट नाही. आधी वरची चावी बंद करायची. मग जुनी तोटी उघडून नळात अडकलेलं पाणी जाऊ द्यायचं. तोटी घड्याळाच्या उलट दिशेनं फिरवून काढायची. भिंतीतल्या आट्यांत जुना सफेदा आणि सुतळी अडकलेली असते, ती जुन्या टूथब्रशनं साफ करायची. नव्या तोटीच्या आट्यांवर पांढरी टेफ्लॉनची पट्टी गुंडाळायची. ती घड्याळाच्याच दिशेनं, नाहीतर तोटी बसवताना सुटत जाते. दहा-बारा वेढे पुरेत. मग तोटी हातानं बसवायची, हात थकला की कापड गुंडाळून पान्ह्यानं थोडी आवळायची आणि तोंड सिंककडे आलं की थांबायचं. हे सगळं वीस मिनिटांचं काम. आम्हाला पावणेदोन तास लागले. पण तो दोष तोटीचा नव्हे. आमच्याकडे सल्लागार पाच होते आणि पान्हा एक.

ही टेफ्लॉनची पट्टीही मूळची न्यू जर्सीचीच. १९३८ साली ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट नावाचा रसायनशास्त्रज्ञ फ्रिजसाठी नवा वायू तयार करत होता. त्यानं एका सिलिंडरची चावी सोडली, तर काहीच येईना. वजन तर पहिल्याएवढंच. आपण अशा वेळी आधी शेजाऱ्याकडे येतंय का ते बघतो आणि मग नगरसेवकाला शिव्या घालतो. प्लंकेटनं सिलिंडर कापून पाहिलं. आत गुळगुळीत पांढरी भुकटी सापडली, तेच टेफ्लॉन. चावी सोडल्यावर काही न आल्यानं माणसाचं भलं झाल्याचं माझ्या माहितीतलं हे एकमेव उदाहरण.

तर तोटी बसली, थेंब थांबला. मँचेस्टरच्या माणसानं घालून दिलेला नियम, न्यू जर्सीच्या सिलिंडरातली भुकटी आणि कोणा न पाहिलेल्या कारागिरानं ओतलेलं पितळ लवळ्याच्या भिंतीत एकमेकांना अचूक बसलं. यांतल्या कोणीही कोणाची जात, गाव, भाषा विचारली नव्हती. मला त्या दिवशी मनुष्यजातीबद्दल फार बरं वाटलं.

पण त्यातलं पहिलं वाक्य मनातून जाईना: आधी वरची चावी बंद करायची. म्हणजे प्रत्येक चावीच्या वर आणखी एक चावी असते. ओट्यावरच्या तोटीच्या वर गच्चीवरच्या टाकीची चावी. तिच्या वर गावच्या टाकीची. शहरात लांब दांड्याची किल्ली घेऊन सायकलवरून फिरणारा चावीवाला असे. तो आजारी पडला की अख्खी पेठ आजारी पडे. त्याच्या वर धरण. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटलं, त्यापाठोपाठ खडकवासला गेलं, तेव्हा पुण्यात घरोघरच्या तोट्या शाबूत असून कोरड्या पडल्या आणि लोक वाड्यांतल्या विसरलेल्या विहिरींकडे वळले.

आमच्या लवळ्याच्या वर मुळशी आहे. हे गाव मुळेच्या खोऱ्यातलं. नदीचा स्वभाव असा, की सह्याद्रीवर उगम पावायचं आणि पूर्वेला पुण्याकडे यायचं. टाटा कंपनीनं मुळा आणि निळा या नद्यांवर धरण बांधायला घेतलं तेव्हा बुडणाऱ्या गावांतले मावळे उठले. १९२१ साली रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापटांना लोक सेनापती म्हणू लागले ते इथूनच. लढा १९२४ पर्यंत चालला. गावं बुडाली, धरण झालं. १९२७ पासून मुळशीचं पाणी पश्चिमेला, घाटाखाली भिऱ्याला पडून मुंबईसाठी वीज करू लागलं आणि पुढे कुंडलिकेतून समुद्राला मिळू लागलं. नदीचं तोंडच फिरवलं. ही चावी सोडायची की बंद करायची, हे खोऱ्यातल्या माणसांना कोणी विचारलं नव्हतं.

आणि त्याच १९२७ साली, त्याच कुलाबा जिल्ह्यात, २० मार्चला, महाडच्या चवदार तळ्याचं ओंजळभर पाणी डॉक्टर आंबेडकर प्यायले. त्या ओंजळीचा खटला पार मुंबईच्या हायकोर्टापर्यंत गेला आणि निकाल लागायला १९३७ साल उजाडलं. एकाच जिल्ह्यात, एकाच वर्षी एक अख्खी नदी घाट उतरून आली आणि एक ओंजळ दहा वर्षं कोर्टात अडकली. पाण्याच्या इतिहासाचं असंच आहे. आट्यांचं एकमत व्हायला एका माणसाची सरासरी पुरली. माणसांचं एकमत करायला सत्याग्रह लागतात, कोर्टं लागतात, आणि तरी कुठेतरी झिरपतंच.

पुण्याच्या वेशीवर आता नव्या सोसायट्या उठताहेत आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहताहेत. घरातल्या तोट्या दृष्ट लागण्यासारख्या. एका बोटानं उघडतात, आवाज न करता मिटतात. त्यांच्या वरची चावी कोणाच्या हातात आहे हे विचारलं तर बिल्डर हसतो आणि सेक्रेटरी खाली बघतो.

मी आपला पिरंगुटच्या वाटेवरच्या हार्डवेअरच्या दुकानात, बिल देता देता, सहज विचारून ठेवलं, की मुळशी धरणाच्या चावीला लागेल असा पान्हा मिळेल का. दुकानदारानं क्षणभर विचार केला आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, "काका, तो साइज मुंबईलाच मिळतो."